ठिपक्या आणि कुंभारणीचं घर

राजा होता बरं का एक. पण फार मोठा नाही हं! राज्य एवढंसंच, एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत. राजानं एका टेकडीवरून हाक मारली, तर पलीकडच्या टेकडीवरचा माणूस म्हणायचा, "ओ महाराज, आलोच!" राजवाडाही लहानसा, शेणानं स्वच्छ सारवलेला. पाय आत घे रे नंदू, आणि शरू, तू त्याचं पांघरूण ओढू नकोस. हं, ऐका.

राजाच्या राणीचं नाव केतकी. मनानं फार चांगली, पण स्वच्छतेचं भलतं वेड. भिंतीवर कोळी दिसला की तिला जेवण जायचं नाही. झुरळ दिसलं की ती पाटावर उभी राहायची. त्यात हसायचं काय? झुरळ दिसलं की मीसुद्धा राहते!

आणि त्यांच्याकडे होता एक कुत्रा. पांढराशुभ्र, अंगावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक कान पडलेला. नाव अर्थातच ठिपक्या. शूर इतका की एकदा त्यानं रानडुकराला नदीपार पिटाळलं होतं. पण किडा दिसला की संपलं! मुंगळा दिसला की हा नाक जमिनीला लावून त्याच्या मागे मागे. माशी आली की तोंडानं धरायला जायचा. दात खट्‌कन वाजायचे आणि माशी केव्हाच पसार. झुरळ उताणं पडून पाय हलवायला लागलं की याची मान एकदा इकडे वाकडी, एकदा तिकडे वाकडी. मग पंजानं हळूच टुचुक करायचा. ते वळवळलं की हा केवढी मोठी उडी मारून मागे! आणि मग सुरू, भो भो भो!

आता, त्याचं म्हणणं एवढंच असायचं, "अहो, बघा तरी कोण आलंय आपल्याकडे!" पण हे कळणार कुणाला? राणीला वाटलं, वा, किती गुणाचा कुत्रा, घाण दाखवून देतो. मग तिनं नियमच केला. ठिपक्या ज्याच्यावर भुंकेल ते घराबाहेर! आणि ते काम दिलं तानकी नावाच्या दासीला. तानकी म्हणजे कामाला वाघ. ठिपक्या भो म्हणायचा अवकाश, ती शिंदीची केरसुणी घेऊन हजर. सप्‌! की किडा अंगणात. बिचारा ठिपक्या बघत राहायचा. पाहुणा दाखवला की पाहुणा गेलाच.

असं सगळं छान चाललं होतं, पण राणी मनातून सुखी नव्हती. राजवाड्यात मूल नव्हतं. नवस झाले, उपास झाले. पाळणा माळ्यावर तसाच पडून होता. राणी दिवसभर कामात असायची, हसायची, बोलायची. संध्याकाळी मात्र गावातली पोरं खेळून घरी निघाली की खिडकीशी उभी राहायची आणि तिचे डोळे भरून यायचे. मूल हवं असलं की असंच होतं रे बाळांनो.

एकदा काय झालं, गावातली म्हातारी सुईण राहीबाई राजवाड्यावर आली. अर्ध्या राज्याला तिनंच पहिल्यांदा हातावर घेतलेलं. तिनं राणीकडे पाहिलं आणि तिला जवळ घेतलं. म्हणाली, "राणीसायब, रडू नगा. तुमच्या घरात कुंभारीण घर बांधील, आन् तिची पोरं त्यातनं सुखानं उडून जातील, तवा तुमचाबी पाळना हलंल. पर येक ध्यानात ठेवा. ते घर राखा म्हून कुनालाबी सांगायचं न्हाई. राजाला न्हाई, चाकराला न्हाई. कुनी आपल्या मनानं राखलं, तरच ते राखल्यालं."

कुंभारीण म्हणजे मडकी विकणारी नव्हे रे नंदू! बारीक कमरेची माशी असते ना, ती. चिखलाच्या गोळ्या आणते आणि भिंतीवर इवलंसं घर लिंपते. मग हिरवी अळी आणून आत ठेवते, दाराशी बसून गुणगुणते, आणि त्या अळीला आपल्यासारखी करते, असं जुनी माणसं म्हणतात.

मग काय, थोड्याच दिवसांत एक कुंभारीण आली. तुळशीकडच्या खिडकीच्या चौकटीवर घर बांधायला बसली. राणीनं पाहिलं आणि हातातलं काम तिथंच टाकलं. पण ठिपक्यानंही पाहिलं होतं! त्यानं मान इकडे वाकडी केली, तिकडे वाकडी केली. भो भो! तानकी आली, सप्‌! घर मातीला मिळालं. राणी खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडली. ठिपक्या तिच्या पायावर हनुवटी ठेवून बसला. त्याला काही कळेना.

तुम्ही म्हणाल, राणीनं नियमच का नाही मोडला? अरे, मोडला असता तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं ना! आपणच बांधलेली गाठ आपल्यालाच सुटेना, असं झालं तिचं.

मग दुसरी कुंभारीण आली. राजाची पगडी टांगायच्या खुंटीपाशी तिनं घर मांडलं. या वेळी ठिपक्यानं बराच वेळ दम धरला हो. नुसता बघत बसला. पण ती माशी उडाली आणि बसली कुठे? नेमकी त्याच्या नाकावर! मग कुठला दम? भो भो भो! की आली तानकी, सप्‌!

या वेळी राणी रडली नाही. पण जेवलीही नाही. रोज ती आपल्या हातानं ठिपक्याला भाकरी घालायची. त्या दिवशी भाकरी पुढ्यात ठेवली आणि बाजूला जाऊन बसली. ठिपक्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. तो खुंटीखाली गेला. तिथं मातीचे तुकडे पडले होते, ते त्यानं हुंगले. मग राणीकडे पाहिलं. परत माती हुंगली, परत राणीकडे पाहिलं. कुत्र्याला काय कळतं आणि कसं कळतं, ते मला विचारू नका. पण त्याला कळलं.

मग तिसरी कुंभारीण आली. ही तर बहाद्दर! तिनं जागा कुठली निवडली माहीत आहे? भिंतीवर राजाची तलवार टांगलेली होती ना, तिच्या मुठीवर! ठिपक्यानं पाहिलं. त्याचं शेपूट ताठ झालं, भुंकणं अगदी घशापर्यंत आलं. मग त्यानं काय करावं? तो सुसाट अंगणात पळाला आणि पेरूच्या झाडावर मनसोक्त भुंकला. तानकी धावत आली. पण झाड बिचारं घराबाहेरच होतं, त्याला आणखी कुठे काढणार? असं रोज चालायचं. आत माशी चिखल लिंपायची, ठिपक्या बाहेर जाऊन झाडावर भुंकून यायचा, आणि मग तलवारीखाली गुपचूप बसायचा. राणी दारातून बघायची आणि घाईघाईनं तोंड फिरवायची.

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात ना, ती. त्याआधी ती घासूनपुसून लखलखीत करायची असतात. तानकी एका हातात चिंच आणि दुसऱ्या हातात केरसुणी घेऊन आली. तलवारीकडे बघते तर काय!

"आगं बया, ह्यो चिखूल कुठनं आला?" असं म्हणून तिनं केरसुणी उचलली.

राणी दारातच होती. तिचं तोंड उघडलं, पण सांगायचं तर नव्हतं! तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आता गेलंच, असं तिला वाटलं.

तोच ठिपक्या उठला. तलवारीपुढे जाऊन उभा राहिला, आणि भुंकायला लागला. कुणावर सांगा? केरसुणीवर!

तानकीनं केरसुणी डावीकडे नेली, हा डावीकडे भुंकला. उजवीकडे नेली, हा उजवीकडे. पाठीमागे लपवली, तर तिला वळसा घालून पाठीमागे जाऊन भुंकला! एवढा गलका ऐकून राजा आला.

"काय गं तानकी, कुणावर भुंकतोय हा?"

"केरसुनीवर, महाराज."

"मग नियम काय आहे आपल्या घरचा?"

राणीनं तोंडातला पदर काढला. राखा म्हणायचं नव्हतं, पण नियम सांगायला काय हरकत होती? ती हळूच म्हणाली, "ठिपक्या ज्याच्यावर भुंकेल ते घराबाहेर."

तानकीनं कपाळावर हात मारला. "आवो, पर केरसुनी म्हंजी लक्षुमी! दिवाळीला पुजतो आपन तिला. लक्षुमीला घराभायेर कसं काढायचं?"

खरंच की! राजा विचारात पडला. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "लक्ष्मीला हळदकुंकू वाहा आणि मानानं गोठ्यात नेऊन ठेवा. गाईजवळ राहील, तिलाही बरं वाटेल." आणि तानकी केरसुणीला हळदकुंकू वाहून गोठ्यात घेऊन गेली. ठिपक्या गोठ्याच्या दारापर्यंत पोचवायला गेला.

मग राजा तलवार काढायला भिंतीपाशी आला. पाहतो तर मुठीवर मातीचं इवलं घर, आणि कुंभारीण हिरवी अळी घेऊन आत शिरतेय. राजाचा हात वर गेला, तो वरच थांबला.  मग आपला आपणच म्हणाला, "हिचं काम अजून चाललंय. हिचं होऊ दे आधी." आणि त्यानं तलवार भिंतीवरच ठेवून पुजली, खालूनच झेंडूचं फूल वाहिलं. राणी देवघरात गेली आणि देवापुढे नुसती बसून राहिली. तिला हात जोडायचंही सुचलं नाही.

मग बरेच दिवस उलटले. एका सकाळी त्या मातीच्या घराला भोकं पडली. आतून एक पोर निघालं, दुसरं निघालं, तिसरं निघालं, आणि सगळी खिडकीतून भुर्र उडून गेली. राणीनं ठिपक्याच्या गळ्यात हात टाकले. "तुला मी काही सांगितलं नव्हतं रे," ती म्हणाली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. हे रडणं निराळं होतं बरं का.

मग राणीला डोहाळे लागले. कधी चिंच, कधी कैरी, कधी भाजलेल्या मातीचा वास. राहीबाई आली आणि तिनं आपल्या हातावर राजकन्येला घेतलं. राजे लोक हत्तीवरून साखर वाटतात म्हणे. याच्याकडे हत्ती कुठला? यानं बैलावरून वाटली. पण गोड तेवढीच.

बारशाला गावातल्या सगळ्या बायका जमल्या. पाळणा माळ्यावरून खाली आला, त्याला फुलं बांधली. आता बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. पण राजाला बहीणच नव्हती! बायका कुजबुजायला लागल्या. हिचा कान कोण फुंकणार? हिची आत्या कोण होणार?

राणी म्हणाली, "ठिपक्याला बोलवा."

ठिपक्या आला. पाळण्याच्या काठावर त्यानं पुढचे पाय ठेवले. मान इकडे वाकडी केली, तिकडे वाकडी केली. मग बाळाच्या कानाशी नाक नेलं आणि हळूच म्हणाला, "फुस्‌!" बाळ खुदकन हसलं. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना? मग सगळ्या बायकांनी ठिपक्याच्या पाठीवर हळूहळू थोपटलं. त्याला ते इतकं आवडलं की तो तिथून हलेचना.

काय नाव सांगितलं म्हणतेस शरू? ते त्यालाच ठाऊक आणि तिलाच ठाऊक. घरातले कुणी तिला छकुली म्हणत, कुणी सोनू म्हणत, तिनं कधी वळून पाहिलं नाही. पण ठिपक्यानं नुसतं फुस्‌ केलं, की ती जिथं असेल तिथून रांगत यायची.

मग राजा, राणी, राजकन्या, तानकी आणि ठिपक्या, सगळे सुखानं राहिले. मुंग्या-मुंगळेसुद्धा. चला, नंदू झोपलासुद्धा. शरू, तूही मीट डोळे. मी थोपटते.