खिडकीतलं लाल झाड

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरावरच्या एका राज्यात हिवाळा असा यायचा, की महिना महिना ऊन दिसत नसे. आभाळ राखेच्या रंगाचं, घरंही त्याच रंगाची. म्हणून तिथले लोक घरोघरी कुंडीत एक झाड लावत. थंडी वाढली की त्याची शेंड्याची पानं लालभडक होत, आणि त्याच सुमाराला हिवाळ्याचा उत्सव येई.

तिथल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची बायको अंथरुणाला खिळली होती. तिने आपलं झाड उशाजवळच्या खिडकीत ठेवून घेतलं होतं. सकाळी डोळे उघडले की ती आधी त्याच्याकडे बघे. आज आणखी एक पान रंगलं, असं नवऱ्याला सांगे, आणि मग दोन घास खाई. त्यालाही बरं वाटे.

त्या वर्षी उत्सवाला राजा स्वतः येणार होता. पण त्याआधीच हिम पडलं आणि गावातली सगळी झाडं करपली. उरलं ते फक्त घरात, उबेला असलेलं या खिडकीतलं. व्यापाऱ्याच्या मनात आलं, हे मंडपात मांडलं तर राजा आपलं नाव विचारील, दरबारात मान मिळेल. त्याने कुंडी उचलली.

बायको म्हणाली, "नका नेऊ. दिवसभर बघायला मला दुसरं काही नाही."

"उत्सवापुरतंच तर नेतोय," तो म्हणाला.

आणि कुंडी घेऊन तो बाहेर पडला.

राजा आला. थंडीने तो काकडला होता. त्याने शेकोटीवर हात शेकले, घाईघाईने जेवला आणि निघून गेला. झाडाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. मशालींच्या धगीने पानं मात्र गळून पडली.

काड्या उरलेली कुंडी घेऊन व्यापारी घरी आला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो गेल्यापासून बाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, असं मोलकरणीने सांगितलं.

तो हळूच म्हणाला, "झाड आणलंय. पुन्हा पालवेल ते. बघतेस ना?"

"राहू द्या," ती म्हणाली. "मला भिंतीची सवय झाली आता."

ऊन पडू लागायच्या आतच ती गेली. पुढे कधीतरी कापडाच्या कामासाठी व्यापाऱ्याला दरबारातून बोलावणं आलं. तो गेला नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: परक्याच्या नजरेत भरण्यासाठी आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढचा रंग काढून नेला, तर तो परत आणून ठेवता येत नाही.