धापूच्या बेरीवरचा दोर

लूणासरला येणाऱ्या पाहुण्यांना आधी दिसते ती टेकडीची पाठ. चंद्रकोरीच्या आकाराची ती वाळूची टेकडी गावाकडे पाठ करून उभी आहे, आणि तिची दोन्ही टोकं पलीकडे, वारा जातो त्या दिशेला वळलेली आहेत. हेमाराम आजोबा पाहुण्यांना बेरीच्या कट्ट्यावर बसवतात आणि धाप सावरत सांगू लागतात. बेरी म्हणजे अरुंद तोंडाची विहीर; बारा कोसांत गोडं पाणी काय ते एवढंच.

पूर्वी ही टेकडी गावाच्या दुसऱ्या अंगाला होती म्हणे, गावावर शिंगं रोखून. वारा तिच्या पाठीवरून वाळू वर ढकलतो, माथ्यावरून ती पुढे घसरते, आणि अशी कण कण करत अख्खी टेकडी चालते. टोकांशी वाळू कमी, म्हणून टोकं आधी पोचतात.

त्या काळी गावात धापू नावाची एक विधवा होती. तिचं माहेर अशाच एका टेकडीखाली गेलेलं. इथली टेकडी बेरीपासून हाकेच्या अंतरावर आली, तेव्हा पंचांनी ठरवलं, हिला कापून काढायची. हिवाळाभर सगळं गाव टोपल्या वाहत होतं, धापूसुद्धा. टेकडी निम्मी झाली तशी गावानं गूळ वाटला. मग उन्हाळ्याची आंधी सुटली आणि ती निम्मी टेकडी दुप्पट वेगानं निघाली. अंगावरचं ओझं उतरवून दिल्यावर दुसरं काय होणार? हेमाराम इथे हसतात, पण ते हसू फार टिकत नाही.

गाव उठून दुसरीकडे निघालं. धापूचा मुलगा रूघा उंट लादून दारात उभा राहिला.

"आई, चल. पाणीच चाललं वाळूखाली, आता इथं काय राहिलंय?"

"तू जा बाबा," ती म्हणाली. "आणखी एक गाव सोडायचं बळ माझ्यात नाही."

ते काही धाडस नव्हतं, असं सांगतात. ती खरोखरच थकली होती. तिनं बेरीच्या तोंडावर खेजडीच्या लाकडाच्या फळ्या घातल्या, त्यावर शिळा ओढली. आठ दिवसांत शिळा वाळूखाली गेली. दोन कोसांवरचं मचूळ पाणी पिऊन ती पडून राहायची. पडल्या पडल्याच एकदा तिच्या मनात आलं, हलकी झाली म्हणून ही लवकर आली, तर हलकी केली की लवकर जाईलही. गावानं केली तीच चूक आपण करत राहायची.

दुसऱ्या सकाळपासून ती टोपली घेऊन निघाली. वारा परत आणणार नाही अशा लांबच्या माळावर वाळू नेऊन टाकायची आणि पुन्हा यायचं. किती कंटाळली असेल बिचारी! कधी टेकडीला शिव्या द्यायची, कधी म्हणायची, "चल गं बाई, तूही सुटशील, मीही सुटेन." असे नऊ उन्हाळे गेले म्हणे. दहाव्या वर्षी टेकडीच्या पाठीमागे शिळेची कड उघडी पडली.

बातमी लागताच रूघा धावत आला. त्यानं शिळा सरकवली, फळ्या काढल्या. खाली पाणी होतं. धापूनं दोर हातात घेतला, पण टोपली धरून धरून तिची बोटं आखडून गेली होती. दोर निसटू लागला. रूघानं रडत रडत पाणी ओढलं. तिच्या ओंजळीत ते ठरेना, म्हणून आपल्या ओंजळीनं पाजलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "आता झोपते."

तीन दिवस झोपली म्हणतात. उठलीच नाही, असंही काही जण सांगतात.

पाणी मिळालं तसं गाव परतलं, आणि आजही लूणासरच्या बेरीवर पिकल्या केसांच्या बाईला कुणी दोर ओढू देत नाही. पंच असो की पाहुणा, जवळ असेल त्यानं पाणी काढायचं आणि आपल्या ओंजळीनं तिला पाजायचं. परवा पुण्याहून आलेल्या एका वयस्क बाईंनी दोर धरला आणि म्हणाल्या, "अहो, मला जमतं."

हेमारामांनी दोर हळूच काढून घेतला.

"जमतं, माहीत आहे," ते म्हणाले. "तिलाही जमत होतं. म्हणूनच तर आम्ही तिला एकटीला करू दिलं."