दोन माशांचा गोळा

समुद्रावर अजून शिडाची गलबतं चालत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका बंदराच्या गावात एक गृहस्थ राहत असत. बायको नाही, पोर नाही, मांजरसुद्धा नाही. कारण मांजर कपाटावर उडी मारील अशी त्यांना धास्ती. त्या कपाटात त्यांचा सगळा जीव होता. चीन देशात घडवलेले काचेचे गोळे त्यांनी जमवले होते. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवतात ना, तसले पेपरवेट. प्रत्येकाच्या पोटात रंगीत काचेचं चित्र. असे एकोणचाळीस गोळे मखमलीवर मांडलेले होते, आणि त्यातल्या एकाखालीही कधी कागद गेला नव्हता. गावाने त्यांचं नाव ‘गोळेवाले’ असं पाडलं होतं. खरं नाव आता कुणाला आठवतही नसे.

गोळेवाल्यांना त्या चित्रांचे अर्थ ठाऊक होते. बंदरावर उतरलेल्या एका म्हाताऱ्या चिनी खलाशाला आठ दिवस जेवू घालून त्यांनी ते वहीत उतरवून घेतले होते. वटवाघूळ म्हणजे सुख. आपल्याकडे ते घरात शिरलं तर लोक झाडू घेऊन धावतात, पण तिकडे ते शुभ. पीच नावाचं फळ म्हणजे दीर्घायुष्य. बदकांची जोडी म्हणजे नवराबायकोचा गोडीचा संसार. मासा म्हणजे भरभराट. सुरुवातीला गावातले लोक हौसेने ऐकायला येत. पण कुणी गोळा हातात मागितला, की हे वही पुढे करत. हळूहळू लोक यायचे बंद झाले. मग सुखाचे आणि दीर्घायुष्याचे गोळे पुसत गोळेवाले एकटेच बसू लागले. संध्याकाळी दाराबाहेर पावलं वाजली की त्यांच्या हातातला फडका थांबे. पावलं पुढे निघून जात.

जगात त्यांना आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं. थोरली बहीण, अक्का. तिला दूरच्या एका बंदरात दिली होती. तिचा नवरा वारल्याचं कळलं तेव्हा ऐन पावसाळा होता, समुद्र बंद होता. समुद्र खुला झाल्यावरही जायचं राहूनच गेलं. कपाट कुणाच्या भरवशावर टाकून जाणार?

एके दिवशी दुपारी अक्काच्या बंदराहून आलेल्या गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दारात आला. अक्काने त्याच्याबरोबर एक पत्र आणि एक लहानसं गाठोडं पाठवलं होतं. ते हातात देऊन, गलबत परवा परत निघणार आहे, काही निरोप असला तर धक्क्यावर सांगा, असं म्हणून तो गेला.

गोळेवाल्यांनी पत्र उघडलं. ‘बाळ, इथल्या बाजारात तुझ्यासाठी एक गोळा मिळाला,’ एवढं वाचलं आणि त्यांचा हात गाठोड्याकडे वळला. हिरवट काचेत दोन मासे होते, एक मोठा, एक लहान, अंगाला अंग लावून चाललेले. असा गोळा त्यांच्याकडे नव्हता. पत्र तसंच मेजावर टाकून ते तो उजेडात धरून फिरवू लागले.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. पत्र उचललं गेलं, खिडकीतून बाहेर पडलं आणि खाली कुंपणाच्या काट्यांत अडकलं. दहा पायऱ्या उतरल्या असत्या तर हाती लागलं असतं. पण हातात गोळा होता. तो घेऊन धावताना पाय घसरला तर? आणि मेजावर नुसता ठेवला नि घरंगळला तर? गोळेवाले आधी कपाटाकडे गेले. मखमलीवर जागा केली, गोळा नीट बसवला, कपाट लावून घेतलं आणि मग पायऱ्या उतरले. कुंपणात काही नव्हतं. पत्र खाडीच्या पाण्यावरून समुद्राकडे चाललं होतं.

त्यांच्या मनाला टोचणी लागली. पण मग त्यांनी वही काढली. मासा म्हणजे भरभराट, आणि इथे तर दोन मासे. म्हणजे अक्काचं अगदी उत्तम चाललं आहे. पत्रात आणखी काय असणार? तांडेलाला विचारता आलं असतं. पण सख्ख्या बहिणीचं पत्र न वाचताच घालवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर तांडेलाने निरोप विचारला.

“अक्काला सांगा, मासे पोचले. फार सुरेख आहेत.”

तांडेल जरा घुटमळला. “आणखी काही?”

“नाही. बाकी सगळं ठीक आहे म्हणावं.”

वर्षाने गलबत परत आलं. गोळेवाल्यांनी अक्काची खुशाली विचारली तेव्हा तांडेलाने मान खाली घातली. निरोप त्याने अक्काला सांगितला होता. मग, एवढंच म्हणाला का, असं तिने विचारलं होतं. पुढे ती दिराच्या माणसांबरोबर दुसऱ्या मुलखात निघून गेली. कुठे, ते तिथे कुणालाच सांगता येईना.

“पत्र मीच लिहिलं होतं,” तांडेल म्हणाला. “अक्कांना लिहिता येत नव्हतं. बाळ, मी एकटी पडले आणि तूही एकटाच आहेस, ये म्हणालास तर याच गलबताने माहेरी येते, असं त्यांनी सांगितलं होतं. न बोलावता मात्र येणार नाही म्हणाल्या.”

“आणि ते मासे?”

“लहानपणी तुम्ही दोघं खाडीत पंचा धरून मासे पकडायचात म्हणे. मोठा मासा मी आणि धाकटा माझा बाळ, असं म्हणून त्यांनी तो गोळा घेतला.”

मग त्या दिवशी का नाही बोललात, असं गोळेवाल्यांनी विचारलं. तांडेल म्हणाला, “तुम्ही वाचलं असेल असंच मला वाटलं. भावाबहिणीच्या मध्ये मी काय बोलायचं?”

घरी येऊन गोळेवाले खूप रडले. मग त्यांनी वही मिटली, कपाट उघडलं आणि दोन माशांचा गोळा बाहेर काढला. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अक्का, ये.’ बंदरात गलबत लागलं की तो कागद घेऊन ते धक्क्यावर जातात, अक्काचा ठावठिकाणा कुणाला माहीत आहे का ते विचारतात. परत येतात आणि कागद मेजावर त्या गोळ्याखाली ठेवतात. खिडकी उघडीच असते. दुपारी खाडीवरून वारा येतो, कागदाचे कोपरे फडफडतात, पण कागद उडत नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाच्या मनातलं वहीत सापडत नाही. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचावं, आणि वाचायचं राहिलं तर लाज बाजूला ठेवून वेळेवर विचारावं.