आयशीची उघाडी

खारकोंडच्या मिठागरांना वळसा घालून जाणाऱ्या बांधावर, खाडीच्या तोंडाशी एक उघाडी आहे. भरतीचे पाणी आत घ्यायची आणि अडवायची ही वाट. तिला लाकडी फळी बसवलेली असते. इतर उघाड्यांची फळी एक माणूस सहज काढतो-घालतो. हिची मात्र दोघांशिवाय हलत नाही. पाहुणे हसतात, सुतार चुकला म्हणतात. सुतार चुकलेला नाही. हिला आयशीची उघाडी म्हणतात, म्हणजे आईची.

फार पूर्वी या मुलखावर दोघे चुलतभाऊ हक्क सांगत होते, थोरले राजे आणि धाकटे राजे. दोघांनाही खारकोंड हवे होते, कारण घाटावर चढणारे सगळे मीठ इथलेच. आज एकाने गाव घ्यावे, वर्षाने दुसऱ्याने. येईल तो मिठाबरोबर गावचे तरणे गडीही उचलून नेई आणि त्यांच्या हातात भाले देई. पोशीबाई नावाच्या आगरी विधवेचा मोठा मुलगा चांगा असाच थोरल्या राजांच्या फौजेत गेला आणि धाकटा जोमा धाकट्यांच्या. राज्य ज्याचे व्हायचे त्याचे होवो, तिला आपली दोन्ही पोरे घरी हवी होती. लढाईची खबर आली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

एका चैत्री पुनवेला दोन्ही फौजा मिठागरांच्या दोन टोकांना उभ्या ठाकल्या. मध्ये कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, मिठाने भरलेले, पांढरेशुभ्र. कर्णे वाजले. पोशीने बांधावरून पाहिले, तर पुढच्या रांगेत इकडे चांगा आणि तिकडे जोमा! तिने देवाचा धावा केला म्हणे, पण देवावर भार टाकून बसून राहणारी ती नव्हती. खाडीला भरदुपारचे उधाण आले होते. तिने पहार घेतली, उघाडीची फळी उचकटून टाकली आणि होते नव्हते ते बळ एकवटून ओरडली,

"पानी शिरला रं! पानी शिरला!"

उधाण आत शिरले की पिकलेले सगळे मीठ विरघळून जाते; आगऱ्याच्या कानाला या हाकेपुढे कर्णा तो काय! दोन्ही फौजांतले निम्मे गडी मिठागरातलेच. राजांचा हुकूम विसरून, भाले घेऊन तसेच ते बांधाकडे धावत सुटले. चांगा आणि जोमा एकदमच उघाडीशी पोचले आणि एकमेकांना पाहून थबकले. पोशीचे डोके भडकले.

"बगतास काय? आदी फली धरा, मंग एकमेकांचे गले धरा!"

दोघांनी फळीला खांदे लावले. बाकीच्यांनी पाण्याच्या लोंढ्याने खचू लागलेल्या बांधाला चिखल लोटला, आधाराला भालेच खुंटांसारखे ठोकले. कोण कुणाचा शिपाई, हे सगळे चिखलाने माखल्यावर राजांनाही ओळखू येईना. धाकट्या राजांनी पुन्हा लढाईचा पुकारा केला, तर खालून कोणीतरी म्हणाले, "जरा थांबा राजे, बांद होऊ दे."

ओहोटी लागेपर्यंत बांध सावरला. भाले मातीत गडप झाले होते आणि सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. गावच्या बायांनी भात आणि सुकटीचे कालवण रांधले. राजेही तिथेच जेवले. मीठ पिकवणारे हात घरी आले नाहीत तर भांडायलाही मीठ उरणार नाही, हे त्यांना त्या पंगतीत उमगले, असे सांगतात. मीठ निम्मे-निम्मे ठरले, गडी मोकळे झाले. पोशी दोन्ही पोरांना दोन्ही बाजूंना बसवून पोटभर जेवली. फळी कोणी उचकटली, हे कोणी विचारले नाही. तिच्या लुगड्यावरचा चिखल सगळ्यांना दिसत होता.

पुढे गावाने त्या उघाडीला मुद्दाम रुंद, जड फळी करून घेतली. आजही मिठाचा हंगाम सुरू होताना गावातली सर्वांत म्हातारी बाई तीच हाक देते. वर्षभर ज्या दोघांचा अबोला असेल, त्यांनाच फळी बसवायला बोलावतात. दोघेही तोंड फुगवून येतात. पण पाणी आत घुसू लागते, फळी एकट्याला पेलत नाही, आणि दोघांपैकी एकाला म्हणावेच लागते, "धर रं तिकडून."