कोरड्या नळाचा बर्फ

सोसायटीचे अध्यक्ष पाटणकर यांनी दुपारचं पाणी बंद केलं. "सासरे अंथरुणाला खिळलेत, भरलेल्या बादल्या पुरत नाहीत," शेजारच्या वृंदाताईंनी विनवलं.

"सवय होईल हळूहळू," अध्यक्ष म्हणाले.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे पाहुणे जमले आणि नव्या फ्रिजमध्ये बर्फच होईना. वृंदाताई मिक्सर, इस्त्री घरीच दुरुस्त करत, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. त्यांनी फ्रिजमागची पाण्याची नळी सोडवली. थेंबही पडला नाही.

"फ्रिज ठणठणीत आहे, अध्यक्षसाहेब. तो बर्फासाठी थेट नळाचं पाणी घेतो. आमच्यासारखं सकाळीच बादल्या भरून ठेवणं त्याला जमत नाही. पण सवय होईल हळूहळू."

अध्यक्ष गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला गेले. थोड्याच वेळात शेजारी वृंदाताईंकडे, सासऱ्यांच्या रिकाम्या बादलीत नळाचं पाणी वाजू लागलं.