गढीवरचे पांढरे निशाण

एके काळी, फार फार वर्षांपूर्वी, भाद्रपद वद्य तृतीयेला, डोंगराआडच्या एका खोऱ्यात आठवडाभराचा पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडले. त्याच सकाळी घाटात दरड कोसळली. राजधानीकडे जाणारा एकुलता एक रस्ता बंद झाला. विहिरींत आधीच गढूळ पाणी शिरले होते. दुपारपर्यंत घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले.

त्या राज्यात राणीचा कडक नियम होता. तिने ज्याच्या हातात तांब्याचे कडे घातले असेल, त्याच वैद्याने औषध द्यायचे. खोऱ्याचा कडेवाला वैद्य नेमका दरडीपलीकडे अडकला होता.

पण राणीने एक वाटही ठेवली होती. संकट आले की सुभेदाराने गढीवर पांढरे निशाण चढवायचे. ते वर असेपर्यंत नियम सैल. मात्र चढवायचे त्यानेच, आणि उतरवायचेही त्यानेच.

सुभेदार निशाणाची घडी मांडीवर घेऊन बसून राहिला. तो दुष्ट नव्हता. लहानपणी एका भोंदूने त्याच्या धाकट्या बहिणीला कसलीशी पूड चाटवली होती, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. कड्याचा नियम अशा मुलींसाठीच झाला होता.

शेजारच्या राज्यातले एक म्हातारे वैद्य लेकीकडे पाहुणे आले होते. ते धापा टाकत गढी चढून आले.

"सुभेदारसाहेब, औषध माझ्या बटव्यात आहे. निशाण तेवढं वर जाऊ द्या."

"वैद्यबुवा, तुमच्या हातात कडं कुठं आहे?"

"आमच्याकडे कडं नसतं, कानात भिकबाळी घालतात. ही बघा!"

"उद्यापर्यंत थांबू. रस्ता मोकळा होईल."

मागे एक कोष्टीण उभी होती. तिचा मुलगा घरी डोळे पांढरे करून पडला होता. ती म्हणाली, "निशाणाला सुरकुत्या पडतील म्हणून जपताय होय?"

सुभेदाराने घडी तशीच मांडीवर ठेवली. संध्याकाळी निरोप आला : कुंभारवाड्यातले म्हातारा-म्हातारी, दोघेही गेले.

सुभेदार उठला.

"वैद्यबुवा, मी कड्याला नाही, भोंदूंना भितो. कड्याची अट मी सोडतो. पण औषध चावडीपुढे, सगळ्यांदेखत उकळायचं. आणि जो देईल त्यानं पहिला घोट स्वतः प्यायचा."

"फार कडू आहे हो ते," म्हातारे हसले. "पण पितो. चला, चढवा लवकर!"

निशाण चढले. चावडीपुढे काढा उकळू लागला. वैद्यबुवांनी तोंड वेडेवाकडे करत पहिला घोट घेतला, दुसरा कोष्टिणीच्या मुलाला पाजला. थोड्या वेळाने एक जटाधारी रंगीत पुड्या घेऊन आला. पहिली पुडी आपणच खायची हे कळताच तो पाणी प्यायलाही थांबला नाही.

पंधरवड्याने रस्ता मोकळा झाला आणि कडेवाला वैद्य परतला. साथही ओसरली होती. सुभेदार दोरी सोडू लागला, तेव्हा कोष्टीण म्हणाली, "राहू द्या की, साहेब. बरं चाललंय!"

"दरड होती म्हणून ते वर होतं, बाई. उद्या निरुपद्रवी घोट स्वतः पिऊन दुसऱ्याला भलतंच पाजणारा कुणी आला, तर?"

त्याने निशाण उतरवले आणि घडी घालून ठेवले.

त्या साथीत खोऱ्यातली दोन माणसे दगावली. दोघेही निशाण चढण्याआधी.

तात्पर्य : नियम सैल करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने तो संकटात वेळेवर वापरावा आणि संकट सरताच वेळेवर आवरावा.