वानरिणीचं साधं पान

कोणे एके काळी, जेव्हा माणसांना वानरांची बोली कळत होती आणि वानरांना माणसांची कीव येत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक लहानसं गाव होतं. कड्याच्या पोटाला मधाची पोळी लटकलेली असत आणि ती काढायला गावातला एकच माणूस दोराने खाली उतरत असे. त्याचं नाव धाऊ. वर दोर धरायचा तो धाऊच्या मेहुण्याने, म्हणजे त्याच्या बायकोच्या भावाने. ज्याला आपल्या बहिणीचं कुंकू राखायचं आहे तो दोर कधी सोडणार नाही, असा त्या गावाचा पक्का समज होता.

दोर तीन पेडांचाच असे. कड्याच्या तोंडाशी खडकाला एक भोक होतं, त्यातून तो ओवावा लागे, आणि चौथा पेड त्यात मावत नसे. म्हणून त्या दोराला पेलेल तेवढ्याच वजनाचा एक धोंडा कुणा शहाण्या पूर्वजाने ठरवून ठेवला होता. दोर वडाच्या फांदीवरून टाकायचा. एका टोकाला धोंडा, दुसऱ्या टोकाला उतरणारा माणूस. धोंडा जमिनीला टेकून राहिला तर माणसाने खुशाल उतरावं. पण चैत्री पौर्णिमेला माणूस धोंड्याला भारी पडला, तर त्याने पुन्हा कधीही कड्यावर उतरायचं नाही. त्या धोंड्याला सगळे ‘जोडीदार’ म्हणत.

वीस वर्षं धाऊचं आणि जोडीदाराचं छान जमलं. मग एका वर्षी मध उदंड निघाला. राजधानीतले व्यापारी आले आणि मधाच्या बदल्यात चाळून चाळून पांढरं केलेलं पीठ, साखर आणि तेलाचे बुधले देऊन गेले. धाऊच्या घरात रोज तळण होऊ लागलं. नाचणीची भाकरी त्याच्या घशाला टोचू लागली, मटकीची उसळ बेचव वाटू लागली, आणि जेवून हात धुतला की लगेच तोंडात टाकायला काहीतरी लागू लागलं. सगळा पाऊसकाळ चुलीपाशी बसून गेला. माणूस सुखात होता हो, पण सुख कुठे कुठे साठतं ते मागून चालणाऱ्यांनाच दिसतं.

दिवाळी सरली तसा मेहुण्याने जोडीदार बांधून पाहिला. धाऊ दुसऱ्या टोकाला लोंबकळला मात्र, जोडीदार थेट फांदीपर्यंत वर गेला.

“दाजी, पौर्णिमेला असंच झालं तर मी दोर धरणार नाही,” मेहुणा म्हणाला. “मला ताईला तोंड दाखवायचंय.”

धाऊला राग आला नाही, भीती वाटली. कड्यावर लटकताना पायाखाली ढग असत, कानाशी माश्यांची गुणगुण असे, आणि साऱ्या जगात तेवढीच जागा त्याला आपली वाटत असे. ती जाणार या विचाराने त्याच्या पोटात खड्डा पडला. आणि खरं सांगायचं तर त्या खड्ड्यातही त्याने दोन करंज्या टाकल्या.

मग त्याने तेच केलं जे आपल्यातल्या कुणीही केलं असतं. त्याने उपास धरले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. आठवड्यात जेवायला वार उरेना. पण उपासाला साबुदाणा चालतो, शेंगदाण्याचे लाडू चालतात, तुपात परतलेला बटाट्याचा कीसही चालतो. महिन्याने पाहिलं तर जोडीदार आणखीच झपाट्याने वर गेला. चिडून त्याने पुढचे आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले. नवव्या दिवशी घेरी आली, तो चुलीपाशी बसला, आणि भानावर आला तेव्हा अनारशांचा डबा रिकामा होता.

लाजून तो कड्याच्या टोकाशी जाऊन बसला. तिथे एक म्हातारी वानरीण नातवाला पोटाशी धरून उंबराचा पाला खात होती.

“तुझ्या पोटात कोण रडतंय रे?” तिने विचारलं.

“भूक रडतेय.”

“कशाची?”

“अनारशाची.”

वानरीण चावायची थांबली. “भुकेला नाव असतं होय? आमच्यात नसतं.”

तेवढ्यात पिल्लू किरकिरू लागलं. वानरिणीने एक साधं पान त्याच्यापुढे धरलं. पिल्लाने ते भिरकावून दिलं.

“पाहिलंस? भुकेलं असतं तर पान खाल्लं असतं. फेकलं, म्हणजे हे रडणं दुसऱ्याच कशाचं तरी आहे.”

“मग आता काय करायचं?”

“मारायचं नाही, आणि मागेल ते द्यायचंही नाही. जवळ घेऊन बसायचं आणि किती वेळ रडतंय ते बघायचं. मला तर बघायला गंमत वाटते.”

दोघं बघत बसले. झाडाची सावली हातभरही सरकली नसेल, तोवर पिल्लू रडणं विसरून आजीचा कान ओढू लागलं होतं.

धाऊ घरी आला तो हे कोडं डोक्यात घेऊनच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला करंजी आठवली. त्याने चतकोर भाकरी हातात घेतली आणि मनातल्या मनात विचारलं, “ही चालेल का?” आतून उत्तर आलं, “छे.” धाऊला हसू फुटलं. तो अंगणातल्या चिंचेखाली बसला, सावलीच्या कडेला काडीने रेघ मारली आणि आतलं रडणं किती वेळ टिकतं ते बघू लागला. सावली रेघेपासून टीचभर हलली आणि करंजी कुठल्या कुठे गेली.

मग त्याला नादच लागला. एक रडणं तांब्याभर पाणी प्यायल्यावर थांबायचं, म्हणजे ती तहान होती. एक रडणं शेजारी कढई चढली की यायचं आणि वारा फिरला की जायचं. एक नुसतं रिकामं बसल्यावर यायचं. सगळ्यात मोठं यायचं ते वडाखालचा जोडीदार दिसल्यावर. ते रडणं भीतीचं होतं, आणि भीतीचं पोट करंजीने कधी भरलं आहे? धाऊ एवढा मोठा झाला होता, पण स्वतःच्या पोटात कोण कोण राहतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

कधी कधी मात्र उत्तर यायचं, “चालेल की.” तेव्हा तो पोटभर जेवायचा. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, आणि वर बियांसकट अख्खा पेरू. पांढऱ्या पिठाची पोती बायकोने माळ्यावर टाकली.

होळीला पुरणपोळी झाली. धाऊने आधी आत विचारलं, मग दोन पोळ्या तूप घालून सावकाश खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी वानरिणीला सांगायला गेला.

“माझं चुकलं का?”

“आंबा पिकला की मी काय पालाच चघळत बसते?” वानरीण म्हणाली. “फक्त रोज होळी करू नकोस.”

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी सारं गाव वडाखाली जमलं. धाऊ दोराला लोंबकळला. जोडीदार जरासा डुगडुगला. धाऊने श्वास रोखला. मग धोंडा जमिनीला टेकला तो टेकलाच, आणि धाऊचे पाय हवेत राहिले. मेहुण्याने दोर उचलला आणि तो कड्याच्या वाटेला लागला.

धाऊ खाली उतरला, पायाखाली ढग आले. त्याने पोळं कापलं, मध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. इतकी वर्षं तो इथेच ओंजळी भरभरून मध पीत आला होता. आज त्याने सवयीने आत विचारून पाहिलं, तर आत कुणी रडत नव्हतं. मग त्याने एक बोट चाटलं. त्या बोटभर मधात करवंदीचं फूल होतं, हिरड्याचा मोहोर होता, जांभळीचा तुरटपणा होता. वीस वर्षं मध काढणाऱ्या माणसाला मधाची चव त्या दिवशी कळली. त्याचे डोळे भरून आले.

“दाजी, काय झालं? ओढू का वर?” मेहुण्याने हाक दिली.

“थांब जरा,” धाऊ म्हणाला. “चव घेतोय.”

बोध इतकाच: मन काही मागू लागलं की आधी त्याच्यापुढे साधा घास धरून पाहावा, भूक असेल तर ती तो आनंदाने खाईल, आणि हाव असेल तर आपण बघत असतानाच ती विरून जाईल.